रस्त्याला आणि ट्रॅकला एकच टायर: कोल्हापूरच्या गाडीवाल्यांसाठी निवडीच्या पायऱ्या

"कोणता टायर घेऊ?" हा प्रश्न बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात. खरं तर तो चौथ्या पायरीचा प्रश्न आहे. आधीच्या तीन गाळल्या की ठरलेले प्रकार घडतात. महागडा सेट येतो आणि पहिल्याच पावसात करूळ घाटात गाडी सरळ जायला बघते. नाहीतर ट्रॅकवर दुसऱ्या सेशनलाच पुढच्या टायरचे खांदे (नक्षीच्या कडा) खाल्ले जातात आणि सगळं खापर कंपनीवर फुटतं. टायर चांगलाच असतो, निवडीचा क्रम चुकलेला असतो.

हे मार्गदर्शन रोज वापरायच्या हॅचबॅक आणि सेदान गाड्यांसाठी आहे. बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या असतात, तेच इथं गृहीत धरलंय. जाता-येता आणि ट्रॅकवर एकच सेट वापरायचा, हेही. मोटरसायकलच्या टायरचं गणित वेगळं, ते इथं नाही.

पायरी १: किलोमीटरचा हिशेब मांडा

कोल्हापुरात मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे. लाइन कशी धरायची, ब्रेक कुठं मारायचा, हे शिकायला कार्टसारखं साधन नाही. पण स्वतःची गाडी मोकळी सोडायची तर दक्षिणेची वाट धरावी लागते. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. चेन्नईच्या अलीकडं इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, ते सुमारे ३.७ किलोमीटरचं. दोन्हीकडं जायचं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८ नं बेळगाव, हुबळी करत बेंगळुरू आणि तिथून पुढं.

आता कागदावर मांडा. करीला एका सेशनमध्ये १० फेऱ्या धरल्या तर २१ किलोमीटर. दिवसभरात चार सेशन, म्हणजे ८४. कोल्हापूर ते कोइमतूर जाऊन-येऊन दोन हजारांच्या आसपास. म्हणजे ज्या सहलीला आपण ट्रॅकची सहल म्हणतो, तिच्यातही शंभरातले चारच किलोमीटर ट्रॅकवर जातात. बाकीचे शहाण्णव महामार्गावर, गाडीत सामान भरलेलं असताना, कधी रात्री, कधी पावसात. वर्षभराचं रोजचं फिरणं यात धरलेलंच नाही.

तीन गोष्टी लिहून ठेवा:

- वर्षाला ट्रॅकचे दिवस किती? मनातले सोडा, खरोखर होणारे लिहा.
- जून ते सप्टेंबर घाटात किती वेळा जाता? गगनबावडा, आंबा, आंबोली, जे असेल ते.
- गाडीत नेहमी किती माणसं असतात?

ट्रॅकचे दिवस दोन-तीनच असतील तर टायर रस्त्यासाठी निवडायचा आणि ट्रॅकची हौस हवेचा दाब, अलाइनमेंट आणि शिस्त यांवर भागवायची. पाच-सहाच्या पुढं गेले तर दुसरे चार रिम घेऊन त्यांवर ट्रॅकचा वेगळा सेट ठेवणं शेवटी स्वस्त पडतं. मागची सीट पाडली की १५ इंची चार चाकं हॅचबॅकमध्ये मावतात. मधलं काहीतरी काढायला गेलात तर दोन्हीकडं अर्धवट राहतं.

इशारा: आपल्याकडच्या वाहन विम्यात संघटित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगसाठीचा वापर वगळलेला असतो. पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" हा भाग असतो, तो निघण्याआधी वाचा.

पायरी २: टायरआधी गाडी

जास्त पकड म्हणजे जास्त ताण. टायर रस्ता घट्ट धरतो, तेव्हा तो जोर ब्रेक, बुश, बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंगवर जातो. साध्या टायरवर लपलेला दोष चांगल्या टायरवर उघडा पडतो. म्हणून गॅरेजचं काम आधी, टायरचं दुकान नंतर. उलटं केलं तर नवा टायर जुन्या बुशवर वेडावाकडा झिजतो आणि अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात.

गाडी लिफ्टवर चढवून खालच्या आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक, शॉकअप्सची गळती आणि व्हील बेअरिंगचा खेळ बघून घ्या. रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून वाकलंय का तेही बघा. आपल्याकडच्या खड्ड्यांत रिम वाकायला वेळ लागत नाही आणि वाकलेला रिम ट्रॅकच्या वेगात स्टिअरिंग थरथरवतो.

ब्रेक ऑइल हमखास विसरलं जातं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि उकळण्याची पातळी खाली येते. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना निदान २३० अंश सेल्सिअस सहन करतं, ओलावा शिरल्यावर हाच निकष १५५ अंशांवर येतो. ट्रॅकवर ऑइल उकळलं की पेडल मऊ पडून थेट तळाला जातं. ट्रॅकला जाण्याआधी ते बदलाच. पॅड अर्ध्यापेक्षा जास्त झिजले असतील तर तेही.

तपासा: गाडी सपाट जागी उभी करून चारही कोपरे एकेक दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. डोलत राहिली तर टायरचे पैसे आधी शॉकअप्सला द्या.

पायरी ३: साइझ

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावरचा साइझ हा पाया. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीनंच मोठा साइझ दिला असेल तर तो दुसरा सुरक्षित पर्याय. त्यापलीकडं गेलात तर आरटीओ आणि विमा, दोन्हीकडं उत्तरं द्यावी लागतील.

हिशेब सोपा आहे. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. साइडवॉल १२०.२५, दोन्ही बाजूंची मिळून २४०.५. रिमचे ३८१ मिळवले की पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर. आता १९५/५५ आर १६ बघा: २१४.५ अधिक ४०६.४, म्हणजे ६२०.९. जवळजवळ तोच. पण रिम १५ चाच ठेवून १९५/५५ आर १५ बसवला तर व्यास ५९५.५ येतो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त घट. गाडी खाली बसते, स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि खड्ड्यात रिम जमिनीला भिडतो. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर एकाच्या आत.

मग साइझच्या पुढचा आकडा आणि अक्षर. ८८ एच मधलं ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोची क्षमता, ८७ म्हणजे ५४५. एच २१० किलोमीटर वेगापर्यंत, व्ही २४०, डब्ल्यू २७०. मोठ्या रिमवर जाताना भाराचा आकडा हळूच खाली सरकतो आणि दुकानात कोणी त्याकडं बघत नाही. मूळ आकड्याच्या खाली जायचं नाही. त्या साइझमध्ये एक्सएल असा जास्त भाराचा टायर मिळत असेल तर तो घ्या.

रुंदीचा हव्यास मात्र आवरा. साडेपाच इंची रिमवर २०५ चा टायर बसतो, पण त्याची साइडवॉल फुग्यासारखी बाहेर येते आणि वळणावर आडवी लोळते. त्याच रिमवर १९५ चा टायर जास्त नेमका वळतो. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हेही आपल्या जिल्ह्यात लक्षात ठेवायला हवं.

तपासा: स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवून आणि मागं तीन माणसं बसवून चाक कुठं घासतंय का ते बघा. स्टेपनीचा व्यासही जुळायला हवा.

पायरी ४: प्रकार ठरवा

चुका सगळ्यात जास्त इथं होतात.

टायरच्या साइडवॉलवर अमेरिकी पद्धतीची प्रतवारी छापलेली असते: ट्रेडविअर, ट्रॅक्शन, टेम्परेचर. ट्रेडविअरचा आकडा १०० ला पाया धरून दिलेला असतो. २०० चा टायर चाचणीच्या रस्त्यावर पायाच्या टायरच्या दुप्पट टिकावा, असा अर्थ. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो उपयोगी, दोन कंपन्यांची तुलना करायला फार कच्चा. शिवाय तो झिजेचा आकडा आहे, पकडीचा नाही. ट्रॅक्शनचं एए, ए, बी हे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून काढतात. वळणावरची पकड किंवा पाण्यावर तरंगणं त्यात मोजलेलं नसतं. टेम्परेचरचं अक्षर उष्णता सोसण्याचं. ट्रॅकला जायचं असेल तर तिथं ए हवाच.

आता गट बघू. गाडीसोबत आलेले, इंधन वाचवणारे साधे टायर साधारण ३०० च्या पुढचे असतात. ट्रॅकवर ते दोन-तीन फेऱ्यांत तापून लोण्यासारखे होतात. तरी पहिल्या ट्रॅक डेला तेच घेऊन जा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते लवकर आणि आवाज करून सुटतात, त्यामुळं गाडी काय सांगतेय ते कमी वेगात कळतं. नवशिक्यानं चिकट टायरवर सुरुवात केली की चूक उशिरा कळते आणि तेव्हा वेग जास्त असतो.

दुसऱ्या टोकाला सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे जवळजवळ गुळगुळीत टायर. टोयो आर८८८आर चं ट्रेडविअर १००, मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ चं १८०. कोरड्या ट्रॅकवर अफाट, पण नक्षी उथळ आणि पाण्याला वाट कमी. जुलैत गगनबावड्याच्या पावसात अशा टायरवर गाडी नेणं हा निव्वळ वेडेपणा आहे. गगनबावडा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा तालुका आहे, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

मधे २०० चा गट: योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२, ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस. बरेच जण इथंच फसतात, कारण २०० म्हणजे रस्त्याचा टायर असा समज झालाय. कायद्यानं तो रस्त्याचा आहेच. पण त्याचं रबर तापल्यावर खरं काम करतं, लवकर झिजतं आणि चिकट असल्यामुळं रस्त्यावरचं सगळं उचलतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून रोज जाणाऱ्यांना लोखंडाचा कीस आणि खिळे काय करतात ते ठाऊक आहे. वेगळ्या रिमवरचा ट्रॅकचा सेट म्हणून हा गट उत्तम. रोजच्या वापराला नाही.

मग एकाच सेटवाल्यानं काय घ्यावं? उन्हाळी परफॉर्मन्स टायर. साइडवॉल कडक, बाहेरच्या खांद्यावर मोठे ठोकळे, मधे पाणी काढणाऱ्या रुंद खाचा आणि ओल्यात चांगलं धरणारं रबर. पायलट स्पोर्ट ४ हे या गटाचं ओळखीचं उदाहरण. ब्रिजस्टोनच्या पोटेंझा मालिकेतही या धाटणीचे टायर आहेत. युरोपीय लेबल असेल तर त्यावरची वेट ग्रिपची ए ते ई प्रतवारी बघा आणि ए किंवा बी च्या खाली जाऊ नका. बाहेर याला "समर" म्हणतात म्हणून पावसात चालत नाही असं समजू नका. तिथला समर हा बर्फाच्या विरुद्ध. आपल्याकडं बाराही महिने तोच.

उपलब्धतेचा प्रश्न मात्र खरा आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं टायरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित केली. तेव्हापासून परदेशी टायर हव्या त्या साइझमध्ये, हव्या त्या वेळी मिळेलच असं नाही. १५ इंचीला निवड तोकडी, १६ आणि १७ ला बरी. म्हणून एका नावावर अडून बसू नका. गट ठरवा, त्यात दोन-तीन नावं ठेवा, ताज्या तारखेचा जो पूर्ण चार नगांत मिळेल तो घ्या.

इशारा: दोन चिकट पुढं आणि दोन जुने मागं, ही काटकसर नको. ओल्या वळणावर पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि गाडी गिरकी घेते. चारही एकाच नावाचे, एकाच नक्षीचे.

पायरी ५: वेळ साधा

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कोरड्या ट्रॅकवर हे उंच ठोकळे वळणावर वाकतात, तापतात आणि त्यांचे तुकडे निघतात. ४ ते ५ मिलिमीटर उरलेला तोच टायर ट्रॅकवर जास्त स्थिर असतो. पावसात नेमकं उलटं. तिथं खोली हवी, ३ मिलिमीटरखाली पाणी बाहेर फेकायची ताकद झपाट्यानं कमी होते.

यातून कोल्हापूरसाठी सोयीचं वेळापत्रक निघतं. नवा सेट मे महिन्यात बसवा. पूर्ण खोलीवर आपला पावसाळा काढा. त्यानंतर ऊस सुरू होतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी शेतातली माती डांबरावर येते आणि पहाटेच्या दवात तिचा गुळगुळीत लेप होतो. तेव्हाही खोली पुरेशी असते. चेन्नईकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, म्हणजे आपल्याकडचं आभाळ मोकळं झालं म्हणून तिकडचं झालं असं नाही. जानेवारी ते मार्च तिकडं कोरडं. तोपर्यंत तुमचा टायरही अर्ध्यावर येत असतो. ट्रॅक तेव्हा करा.

पायरी ६: दुकानात

फोनवर भाव विचारता तेव्हा आठवडा आणि वर्षही विचारा. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल परफॉर्मन्ससाठी घेऊ नका, सूट कितीही देत असले तरी. चारही टायरच्या तारखा जवळच्या असू द्या. आयएसआयची खूण बघा. बिलावर प्रत्येक टायरचा अनुक्रमांक लिहून घ्या.

बसवताना स्वतः उभे राहा. असमान नक्षीच्या टायरवर बाहेरची बाजू कोणती ते छापलेलं असतं, दिशा असलेल्या टायरवर बाण असतो. गर्दीच्या वेळी हे उलटं बसतं आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. व्हॉल्व्ह नवे घ्या. जुन्या रबरी व्हॉल्व्हनं ट्रॅकवर हवा सोडली तर चार टायरचे पैसे दहा-वीस रुपयांच्या वस्तूपायी गेले असं होईल. टोपणंही लावून घ्या.

नट हवेच्या गननं आवळू देऊ नका. हातानं बसवून शेवटी टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतके आवळायचे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

नायट्रोजनचं काय? तो कोरडा असतो, एवढाच फायदा. तापल्यावर त्याचाही दाब वाढतो, वायूचा नियम त्यालाही सुटत नाही. साध्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलं असेल तर ती ओली हवा जास्त लहरी वागते, म्हणून पाणी काढलेला कॉम्प्रेसर शोधा. तेवढं पुरतं.

पायरी ७: अलाइनमेंट

आपल्याकडं अलाइनमेंट म्हणजे बहुधा फक्त टो (वरून बघताना चाकं आत की बाहेर वळलीत ते) जुळवणं. बहुतेक गाड्यांना पुढं कॅम्बर (समोरून बघताना चाक किती कललंय ते) बदलायची सोय नसते, त्यामुळं तो आकडा कागदावर लाल दिसला तरी "चालतंय हो" म्हणून सोडून देतात. रस्त्यावर चालतंही. ट्रॅकवर गाडी वळणात कलते, टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि तोच खांदा खाल्ला जातो, तर आतल्या बाजूची नक्षी नव्यासारखी राहते.

उपाय म्हणजे कॅम्बर बोल्ट. त्यानं पुढच्या चाकाला उणे १ ते उणे १.५ अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत) देता येतो, तेवढा रोजच्या रस्त्यालाही सोसतो. टो शून्याच्या जवळ ठेवा. दोन अंशांच्या पुढं जाऊ नका, महामार्गावर आतली कड झिजेल आणि खाली वाकून बघितल्याशिवाय ते दिसणार नाही.

तपासा: आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद घ्या. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पायरी २ मध्ये काहीतरी राहिलंय.

पायरी ८: टायर रुळवा

साच्यातून निघताना टायरवर तेलकट थर राहतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सौम्य चालवा, पावसात तर फारच. नव्या टायरवर थेट ट्रॅकवर जाऊ नका. पहिलं सेशन सत्तर टक्क्यांवर करा आणि टायर पूर्ण थंड होऊ द्या. एकदा नीट तापून निवलेलं रबर पुढं जास्त टिकतं.

आणि पकड किती आहे ते आंबा घाटात किंवा कागलच्या हायवेवर बघायचं नाही. तिथं समोरून उसाची ट्रॉली येते, बिनदिव्याची.

पायरी ९: ट्रॅकवरची हवा

टायर कितीही भारी असो, इथं चुकलात तर पैसे पाण्यात.

बंद टायरमधल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. ३० पीएसआयच्या आसपास दर ७ अंश सेल्सिअसला साधारण १ पीएसआय. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे १५ अंशांत ३२ भरली, तर कोइमतूरला ३३ अंशांत गाडी नुसती उभी असताना ती जवळजवळ ३५ दाखवेल. ट्रॅकवर आतली हवा ८५ अंशांपर्यंत गेली, तर ३० अंशांत ३० असलेला दाब ३८ होतो. म्हणून थंड दाब ही सुरुवात असते, सांभाळायचा असतो तो गरम दाब.

स्वतःचा डिजिटल गेज घ्या. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत. मग या क्रमानं:

1. ट्रॅकवर सकाळी, गाडी सावलीत आणि टायर थंड असताना, दाराच्या स्टिकरवरचा दाब भरा. कमी करून सुरुवात करू नका.
2. प्रत्येक पुढच्या टायरवर नक्षीच्या कडेपासून साइडवॉलवर उतरणारी खडूची रेघ तीन ठिकाणी ओढा. साधा शाळेचा खडू चालतो.
3. पहिलं सेशन लहान ठेवा. शेवटची फेरी हळू मारून ब्रेक आणि टायर निववा. आत आल्यावर हँडब्रेक लावू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा.
4. थांबल्यापासून दोन मिनिटांच्या आत चारही दाब मोजून लिहा. उशीर झाला की आकडा खाली येतो आणि हिशेब बिघडतो.
5. खडू बघा. खांद्यावर छापलेला छोटा त्रिकोण ओलांडून साइडवॉलवरचा खडूही पुसला असेल तर टायर लोळतोय, २ पीएसआय वाढवा. खांद्यावर बोटभर खडू तसाच असेल आणि गाडी शेवटी शेवटी निसटत असेल तर दाब जास्त झालाय, १ ते २ सोडा.
6. एका वेळी एकच बदल.

उन्हाळी परफॉर्मन्स टायर असलेल्या हलक्या हॅचबॅकला पुढं गरम ३५ ते ३८ ही सुरुवातीची जागा. मागं तेवढाच ठेवा. मागं दाब वाढवून गाडी वळवायच्या युक्त्या पाचव्या-सहाव्या ट्रॅक डेनंतर करा. घड्याळाच्या दिशेनं फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळं पुढचा डावा टायर सगळ्यात तापतो. निर्णय त्याच्या आकड्यावर घ्या.

इशारा: स्टिअरिंग मऊ लागलं, पुढची चाकं ऐकेनाशी झाली किंवा पेडल खोल गेलं, तर फेरी सोडून बाहेर या. तापलेला टायर जोर लावून परत धरत नाही.

पायरी १०: परतीआधी

ट्रॅकवर गरम असताना सोडलेली हवा कोणी परत भरत नाही. संध्याकाळी टायर निवतो, दाब २६-२७ वर येतो आणि त्याच टायरवर माणसं, सामान घेऊन रात्रभर महामार्गावर गाडी पळते. कमी हवेत साइडवॉल सतत वाकते, आतून तापते आणि फुटते. दिवसभर ट्रॅकवर सोसलेला टायर अशा वेळी साताठशे किलोमीटरवर दगा देतो. निघण्याआधी टायर हाताला थंड लागेपर्यंत थांबा, किमान तासभर, आणि स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेला दाब भरा. गाडीत टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा असेल तर ती नव्यानं सेट करा.

मग खाली वाका. आतल्या-बाहेरच्या दोन्ही साइडवॉलवर हात फिरवा. फुगा, कापलेली जागा किंवा दोरा दिसला तर त्या टायरवर घरी यायचं नाही. खांद्याचे ठोकळे फाटलेत का, नट सैल झालेत का, पॅड किती उरलेत, तेही आत्ताच बघा.

कोल्हापूरला आल्यावर पुढचे टायर मागं, मागचे पुढं करा. दिशा असलेले असतील तर त्याच बाजूला. नक्षीची खोली आत, मधे आणि बाहेर अशी तीन जागी मोजून दाबाच्या वहीतच लिहा. बाहेरची कड मधल्यापेक्षा २ मिलिमीटरनं कमी असेल तर पुढच्या वेळी कॅम्बर वाढवा. पंक्चर काढलेला टायर, मग तो आतून पॅच मारलेला का असेना, रस्त्याला चालेल पण ट्रॅकला नेऊ नका.

कायद्यानं १.६ मिलिमीटरची खूण दिसेपर्यंत टायर चालतो. घाटात जाणाऱ्या गाडीला मे अखेर ३ मिलिमीटरच उरले असतील, तर तो सेट पावसाळ्याआधी उतरवा. रिम स्पेअर असतील तर हाच उतरवलेला सेट जानेवारीत कोरड्या ट्रॅकसाठी ठेवता येतो, फक्त उन्हापासून आणि गॅरेजमधल्या तेलापासून लांब, आडवा रचून. दोन वर्षांच्या वर ठेवू नका. रबर तोवर कडक होतं.